जोडीच्या बाजारात थवा

मे महिन्यातला शनिवार. सकाळचे साडेअकरा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये फळांच्या बाजूनं शिरलं की आधी हापूसचा वास येतो, मग पेट्यांतल्या गवताचा. चार पावलांवर दोन्ही मागं पडतात आणि पोपटांचा कलकलाट सुरू होतो. ही वास्तू 1869 साली उभी राहिली. कागदोपत्री ती महात्मा ज्योतिबा फुले मंडई. टॅक्सीवाल्याच्या तोंडी अजून क्रॉफर्ड मार्केटच. छत उंच आहे, तरी हवा हलत नाही. शर्ट पाठीला चिकटलाय. पायाखालची फरशी ओली आहे. कुणीतरी नुकतंच टाकीचं पाणी बदललंय आणि ते वाट काढत गटाराकडे निघालंय.

माशांची दुकानं दिसण्याआधी ऐकू येतात. हवेच्या मोटरींची घरघर. त्यांना जोडलेल्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला बुडबुड्यांचा अखंड आवाज. काचेच्या टाक्या एकावर एक, पार डोक्याच्या वरपर्यंत रचलेल्या. वरच्या टाकीतले मासे पाहायला टाचा उंचवाव्या लागतात, खालच्यांसाठी उकिडवं बसावं लागतं. मधली रांग नजरेच्या रेषेत. महाग आणि चमकदार माल तिथेच.

गल्ल्याजवळ एका परातीत लालभडक गोळा वळवळतोय. ट्युबिफेक्स, माशांचं जिवंत खाद्य. हजारो बारीक कृमी, त्यांच्यावर नळाची धार सोडलेली. एक माणूस चमच्यानं गोळ्यातला तुकडा उचलतो, पिशवीत टाकतो, वीस रुपये घेतो. बोलणं नाही.

दुकानासमोर तीन थरांत गिऱ्हाईक उभं आहे. पहिल्या थरात विकत घेणारे, दुसऱ्यात भाव विचारणारे, तिसऱ्यात मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. सगळ्यांचा प्रश्न एकच.

“जोडी कितीला?”

या बाजारात मासा नगावर सहसा मिळत नाही, जोडीवर मिळतो. गोल्डफिश जोडी, एंजल जोडी, निऑन जोडी. पाटीवरचे आकडेही जोडीचेच. नर-मादीशी याचा काही संबंध नाही. दोन मासे म्हणजे जोडी, एवढाच हिशेब. निऑनची जोडी आज साठ रुपये.

माझ्या पुढं एक कुटुंब आहे. आई, वडील, सात-आठ वर्षांचा मुलगा. दोन फुटांची टाकी कालच घरी बसवलीय, मुलगा सगळ्यांना सांगतोय. त्याचं बोट काचेवरून फिरतं. हे दोन. ते दोन. ते पट्टेवाले दोन. वडील मान डोलावतात. दुकानातला पोऱ्या जाळी घेऊन तयार आहे. दोन निऑन, दोन टायगर बार्ब, दोन एंजल, दोन झेब्रा, दोन शार्क, एक सकर.

मी ही यादी ऐकतो आणि जीव खालीवर होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी 56 लिटर पाणी मावतं. त्यातून खडी आणि वरची रिकामी जागा वजा करायची. त्यात हे अकरा जीव, सहा जातींचे. शार्क म्हणून जो करडा, चकचकीत मासा पिशवीत पडतोय, तो शार्क नव्हेच. मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतला तो मार्जारमासा. आत्ता बोटाएवढा आहे. नदीत मीटरभराच्या वर वाढतो, आणि आयुष्यभर कळपानं हिंडतो.

आणि टाकी कालची. माशांच्या अंगातून अमोनिया पाण्यात येतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन मारक, तिसरा त्या मानानं सोसवणारा. हे जिवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात, पण ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. कालच्या टाकीत आज अकरा मासे सोडले तर आठवडाभरात पाणी दुधाळ होणार, आणि मुलगा रोज सकाळी एकेक मासा उचलताना पाहणार.

“ताई,” मी मुलाच्या आईला म्हणतो, “आज झेब्राच घ्या. एकच जात, सहा नग. बाकीचे महिन्याभरानं.”

ती नवऱ्याकडे पाहते. नवरा मुलाकडे. मुलगा माझ्याकडे रागानं.

“एकाच टाइपचे सहा?” मुलगा म्हणतो.

दुकानदार वयस्क आहे. चष्मा कपाळावर, हात कोपरापर्यंत ओले. माझ्याकडे तो नाराजीनं पाहत नाही. उलट मुलाला जवळ बोलावतो आणि झेब्रांच्या टाकीपाशी नेतो. शंभरेक मासे असतील. निळ्या-रुपेरी आडव्या पट्ट्यांचे, करंगळीपेक्षा लहान. दुकानदार काचेवर बोट ठेवतो आणि हळूहळू डावीकडे सरकवतो. सगळी गर्दी बोटामागं वळते. बोट थांबतं, गर्दी थांबते. मुलगा स्वतःचं बोट लावतो. बराच वेळ लावून ठेवतो.

झेब्रा या दुकानातला जवळजवळ सगळ्यात स्वस्त मासा आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी थांबून बघत नाही. तो आपल्या उपखंडातला. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टननं 1822 साली जो ग्रंथ काढला, त्यात याचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळा या माशावर चालतात. इथून काही किलोमीटरवर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम होतं. 2013 साली त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना त्याच्यात जोड सापडला. टणक मासा. नवख्याच्या हातून वाचणारा. फक्त तो एकटा किंवा दुकटा ठेवायचा नाही.

सहा झेब्रा पिशवीत जातात. एंजल आणि टायगर परत टाकीत. बरं झालं. टायगर बार्ब दोन-तीन असले की शेजाऱ्याच्या लांब परांचे लचके तोडतात, आणि एंजलचे पर तर झालरीसारखे लोंबतात. तेच टायगर आठ-दहा असले की आपापसातच पाठलाग करत राहतात. खोड जातीची असेल, पण ती बाहेर येते संगत तुटल्यावर.

गर्दी थोडी पातळ होते. कॉलेजातला एक मुलगा पुढं घुसतो आणि मोबाइलवर फोटो दाखवतो. लांबट मासा, अंगावर काळी रेघ, तिच्यावर लाल रेघ, शेपटीला पिवळा-काळा ठिपका.

“मिस केरला आहे?”

“नाय येत आता,” दुकानदार म्हणतो.

मुलगा हिरमुसतो. पश्चिम घाटातल्या, मुख्यतः केरळातल्या, मोजक्या नद्यांत हा मासा राहतो. बाजारासाठी वर्षानुवर्षं तो नदीतून उपसला गेला आणि आता धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. 2013 साली शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी वेगळी प्रजात केली आणि तिला आपल्या डोंगराचं नाव दिलं, सह्याद्रिया. त्याला हवं वाहतं, गार, प्राणवायूनं भरलेलं पाणी, लांबलचक टाकी आणि सोबत भाऊबंद. दोन फुटांच्या काचेत तो कोपऱ्यात नाक घासत बसला असता. न मिळाला ते उत्तम.

बाजूच्या टाकीत विडो टेट्रा आहेत. गुलाबी, निळे, पोपटी. हा रंग त्यांचा नाही. मूळचा मासा राखाडी-रुपेरी, काळ्या पट्ट्यांचा. वरून चढवलेला रंग काही महिन्यांत उतरतो, आणि तो चढवताना माशाचं जे होतं ते होतं. एक आजोबा नातीसाठी त्यातली निळी जोडी मागतात. मी नजर दुसरीकडे वळवतो.

माझं काम कार्डिनलकडे आहे. निऑन आणि कार्डिनल दुरून सारखेच दिसतात. दोघांच्या अंगावर विजेसारखी निळी रेघ. फरक खाली बघायचा. निऑनची लाल पट्टी पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत. कार्डिनलची गालापासून शेपटीपर्यंत, सलग. निऑनला शास्त्रीय नाव मिळालं 1936 साली, कार्डिनलला 1956 साली. निऑन पेरूकडच्या वरच्या ॲमेझॉनमधला. दुकानातले बहुतेक आशियातल्या शेतीत वाढलेले. कार्डिनल ब्राझीलच्या रिओ नेग्रोतला. त्या नदीचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, आम्लधर्मी आणि अतिशय मृदू. निऑनला पंचवीस अंशांच्या आतलं पाणी मानवतं. कार्डिनल अठ्ठावीस-एकोणतीसपर्यंत सुखानं राहतो. मुंबईच्या मे महिन्यात टाकीतलं पाणी तिशीला टेकतं. निवड आपोआप होते.

“कार्डिनल. दहा नग.”

“म्हणजे पाच जोडी,” दुकानदार म्हणतो आणि पोऱ्याला खूण करतो.

“आधी जरा बघू द्या.”

तो बघू देतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला एवढी सवलत असते. मी उकिडवा बसतो. कुणाच्या अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके नाहीत ना. पोट आत गेलेलं नाही ना. कुणी घोळक्यापासून दूर, वरच्या कोपऱ्यात एकटा तरंगत नाही ना. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. थव्याचा मासा आपण होऊन एकटा पडला की तो आजारी असतो, किंवा लवकरच होणार असतो.

पोऱ्या जाळी आत घालतो. त्याबरोबर सत्तर-ऐंशी माशांचा एक गठ्ठा होतो. जाळी उजवीकडे, गठ्ठा डावीकडे. कुणी कुणाला धडकत नाही. शेजाऱ्याचं वळण डोळ्यांना दिसतं, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेषेला पाण्याचा दाब बदललेला कळतो. शिकारी माशाची नजर अशा गठ्ठ्यात एका सावजावर टिकत नाही. रेघा रेघांत मिसळतात. जाळी म्हणजे त्यांच्या लेखी शिकारीच.

“हळू रे,” दुकानदार पोऱ्याला म्हणतो. “खरवडू नको.”

या सांगण्यात मोठा अर्थ आहे. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं 1938 साली दाखवून दिलं, की एका माशाच्या कातडीला जखम झाली तर त्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि जवळचे जातभाई घाबरून एकत्र गोळा होतात, लपतात. त्यानं ते मिनो नावाच्या युरोपी माशात पाहिलं. टेट्रा, बार्ब, रासबोरा, झेब्रा, कोरिडोरस हे सारे त्याच मोठ्या गोतावळ्यातले. घाईनं फिरवलेली एक जाळी अख्खी टाकी भेदरवते.

दहा मासे पिशवीत. एक भाग पाणी, दोन भाग हवा. पोऱ्या पिशवीचं तोंड मुठीत धरून सिलिंडरची नळी आत सारतो. फुस्स. पिशवी टम्म फुगते. तोंडाला पीळ, पिळावर रबर, रबरावर दुसरं रबर. मग बाहेरून वर्तमानपत्र, कारण अंधारात मासे शांत राहतात. पैसे देऊन मी निघतो तेव्हा झेब्रावालं कुटुंब अजून तिथंच आहे. दुकानदार वडिलांना क्लोरीन काढायची बाटली देतोय आणि किती लिटरला किती थेंब ते सांगतोय. मुलगा पिशवी छातीशी धरून उभा.

सीएसएमटीहून धीमी लोकल. सुरुवातीचं स्टेशन, त्यामुळं खिडकी मिळते. खिडकीतून येणारी हवा गरम आहे. पिशवी मांडीवर, वर रुमाल. भायखळ्याला डबा भरतो, दादरला चेंगरतो. समोरचा माणूस पुड्याकडे दोनदा पाहतो.

“खेकडे?”

“मासे. पाळायचे.”

तो हसतो आणि गुडघे आखडून जागा करून देतो. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी. गाडी सिग्नलला थांबते. पंखे फिरतात, वारा येत नाही. मी पुड्याला तळवा लावून बघतो. कोमट. अजून चालेल.

भांडुप येतं. सात तलावांतून मुंबईकडे येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा इथं शुद्ध होतो. तलावाचं पाणी मुळात मृदू असतं, म्हणून महापालिकेच्या नळावर टेट्रा सुखानं राहतात. त्यात क्लोरीन तेवढं असतं. ते माशाचे कल्ले जाळतं. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ते बहुधा जड, क्षारांचं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मे महिन्यात दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं, म्हणून बादली भरण्याआधी मी टीडीएसचं मीटर बुडवतो. नुसत्या नळाच्या पाण्यात आकडा शंभरच्या आसपास. टँकर आला की कित्येक पट.

घरात नवीन मासे थेट मोठ्या टाकीत जात नाहीत. गॅलरीच्या आतल्या बाजूला, उन्हापासून लांब, एक छोटी टाकी तीन आठवड्यांच्या मुक्कामासाठी ठेवलीय. तिच्यातला स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत मुरलेला, म्हणजे जिवाणूंची वस्ती तयार आहे. दिवा बंद. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची. मग तोंड उघडून कपभर टाकीचं पाणी आत, पाच मिनिटांनी आणखी कपभर. घाई करायची नाही. शेवटी मासे जाळीनं उचलायचे. दुकानाचं पाणी मोरीत.

सोडल्याबरोबर ते तळाशी जातात. रंग उडालेले. फिकट, जवळजवळ पारदर्शक. दहाही एकाच कोपऱ्यात, एकाच दिशेला तोंड करून. श्वास भरभर चाललाय. पाण्यावर छोटा पंखा लावलाय. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. घरातले वाकून बघतात आणि विचारतात, “हेच का ते लाल-निळे?” हेच. ही निळाई रंगद्रव्याची नाही. कातडीतल्या पेशींत ग्वानिनच्या स्फटिकांचे पातळ थर असतात, त्यांच्यावर प्रकाश परततो तेव्हा निळं दिसतं. थरांतलं अंतर बदललं की रंग बदलतो. भीती वाटली, रात्र झाली, की ती रेघ विझते. सकाळी दिवा लागल्यावर काही वेळात परत पेटते.

पहिला दिवस काही खायला घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी चुरलेले फ्लेक्स, चिमटीच्याही चिमटीएवढे. एक मासा पुढं येतो, कण तोंडात घेतो, थुंकतो, परत घेतो. ते पाहून दुसरा येतो. मग सगळेच. एकटा मासा दोन-दोन दिवस उपाशी लपून राहतो. दहांत एक तरी धीट निघतो आणि बाकीच्यांची भूक त्याच्यामागून येते.

तीन आठवडे सरतात. पांढरे ठिपके उठले असते तर इतक्या उष्म्यात पहिल्या आठवड्यातच दिसले असते. जून लागलाय. बाहेर पहिला पाऊस दणकून पडतोय, वीज गेलीय. बॅटरीवरची मोटर टकटकतेय. आज बदली.

हॉलमधली टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. सव्वाशे लिटरच्या जरा वर पाणी. मागं दाट वनस्पती, पुढं मोकळं पाणी; थव्याला पोहायला लांबी लागते, उंचीचा उपयोग कमी. तळाला बारीक रेती, कारण खाली आठ कोरिडोरस आहेत आणि ते मिशांनी रेती चाळत खातात. धारदार खडीनं त्या मिशा झिजतात. मधूनच एखादा सरळ वर झेपावतो, पृष्ठभागावर हवेचा घोट घेतो आणि खाली येतो. आतड्यातून प्राणवायू घ्यायची त्याची ती रीत. मधल्या थरात सहा जुने कार्डिनल. पूर्वी जास्त होते. नीट सांभाळले तर ते चार-पाच वर्षं जगतात, आणि हे म्हातारे झालेत. सहांवर आल्यापासून ते वनस्पतींच्या बाहेर फारसे येत नाहीत.

शेजारची चिमुरडी हातात टॉर्च घेऊन उभी आहे.

“काका, ते भांडतील का?”

“बघू या.”

दहा नवे आत जातात. नेहमीसारखे तळाशी, कोपऱ्यात. जुने सहा पानांआडून पाहतात. मिनिट जातं. एक जुना बाहेर येतो, नव्यांच्या समोरून सावकाश जातो आणि परत फिरतो. परतताना त्याच्यामागं तीन नवे आहेत. मग पाच. मग कोण जुना आणि कोण नवा हे कळेनासं होतं. सोळा जण टाकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघतात. मध्ये लाकडाचा ओंडका आहे. तिथे थवा फाटतो, आठ वरून, आठ खालून, आणि पलीकडे पुन्हा सांधला जातो. वीज येते. दिवा लागतो. आधी लाल दिसतं, मग हळूहळू निळं. कितीतरी महिन्यांनी म्हातारे सहा मोकळ्या पाण्यात आहेत, काचेच्या अगदी जवळ.

टाकी मला कायम अशीच हवी असते. तीन फुटांत दहा जाती सहज कोंबता येतात, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की एवढ्या मोठ्या टाकीत दोनच प्रकारचे मासे कसे. त्याला मी खुर्ची देतो आणि अर्धा तास बसवतो.

मुलगी मोजायला लागते. एक, दोन, तीन, चार. थवा वळतो, मोजणी चुकते. पुन्हा एक, दोन. तिसऱ्यांदा ती हुशारी करते. ओंडक्यापाशी टॉर्च रोखून बसते आणि तिथून जाणारे मोजते.

“पंधरा!” ती ओरडते. “एक हरवला.”

आम्ही दोघं शोधतो. फिल्टरच्या मागं नाही. वनस्पतींत नाही. मग तीच दाखवते, कोरिडोरसच्या घोळक्यात रेतीवर एक कार्डिनल नाक खुपसून उभा आहे, खाली पडलेला कण शोधत. वरून थवा जातो आणि तो झटकन वर उठून त्यात शिरतो.

“सोळा,” ती समाधानानं म्हणते.

इंटरकॉम वाजतो. वॉचमन सांगतो, पाचला टँकर येणार आहे. चार वाजून गेलेत. उद्या पाव टाकी पाणी बदलायचंय, म्हणजे तीस लिटर. बोअरचं पाणी मिसळायच्या आत मी दोन बादल्या घेऊन नळाखाली लावतो, आणि मुलगी बाटलीतले थेंब मोजायला माझ्याशेजारी येऊन बसते.